अनुभवाचा दाखला

मी भित्री आहे, हे आधीच सांगते. अंगावर पाल पडली तर मी अख्खी गल्ली गोळा करते. पण त्या मंगळवारी माजलगावच्या ट्रॅक्टर शोरूममध्ये विजयसिंह साहेबांनी माझी फाइल उघडून मोबाइल हातात घेतला, तेव्हा पाल बरी असं वाटलं.

"महिना झाला, रोहिणी. काम चोख आहे तुमचं," ते म्हणाले. "आज कायमचं पत्र देऊन टाकू. तेवढा तुमच्या जुन्या मालकांना एक फोन करतो, पद्धत आहे आपली. बसा ना, उभ्या कशाला?"

जुने मालक म्हणजे चकलांब्याचे मन्मथप्पा, कापड दुकानवाले. त्यांच्याकडे मी वर्षभर बिलं केली, असं फाइलमधल्या दाखल्यात लिहिलं होतं. खरं म्हणजे त्या दुकानात मी जन्मात एकदाच गेले, तेही शाळेचा ड्रेस घ्यायला.

काय करणार? आधी सहा ठिकाणी मुलाखती दिल्या आणि सहाही ठिकाणी एकच प्रश्न, "अनुभव आहे का?" अहो, कुणी कामाला ठेवलं तर अनुभव येणार ना! शेवटी वडील मला मन्मथप्पांकडे घेऊन गेले. अप्पांनी दाखल्यावर सही केली, शिक्का मारला आणि गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून म्हणाले, "राधाकिशन, तुझ्या लेकीसाठी कागद दिला. पण कुणी तोंडानं इचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई. सत्तर वर्सांत बोललो न्हाई. आधीच सांगून ठेवतो."

"अप्पा, कोन इचारतंय!" वडील हसून म्हणाले होते.

आता साहेब विचारत होते, तेही स्पीकर लावून. एरवी चकलांब्यात रेंजच्या नावानं बोंब असते. मी मनातल्या मनात सगळे देव पाण्यात ठेवले, पण फोन दुसऱ्याच रिंगला उचलला गेला.

"हॅलो, कोन बोलतंय?"

"मन्मथप्पा ना? मी माजलगावहून बोलतोय, ट्रॅक्टर शोरूममधून. रोहिणी, राधाकिशन यांची मुलगी, तुमच्याकडे वर्षभर कामाला होती का?"

पलीकडे अप्पा खाकरले. मग अप्पा म्हणाले, "जरा थांबा साहेब. गिऱ्हाईक हाय."

फोन गादीवर ठेवल्याचं ऐकू आलं. पण गिऱ्हाइकाचा आवाज येत नव्हता, भाव नाही की घासाघीस नाही. नुसता पंखा घरघरत होता. अप्पा तिथंच बसले होते आणि माझ्यामुळे अडकले होते, हे मला इथं कळत होतं. साहेब पेनानं टेबलावर टकटक करत होते. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

अप्पांना वाचवायला मी बोलले, असं सांगितलं तर बरं दिसेल. थोडं तसंही होतं. पण खरं सांगायचं तर ती शांतता मला सोसवेना. नाही म्हणायचं तर एकदाचं म्हणून टाका, असं झालं होतं मला.

"साहेब, तो दाखला खोटा आहे," मी म्हणाले. "मी तिथं एक दिवससुद्धा काम केलेलं नाही. यात अप्पांचा दोष नाही. ते खोटं बोलत नाहीत."

साहेबांची टकटक थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फाइल मिटली आणि टेबलाच्या कडेला सारली. ही सातवी नोकरीही गेली, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

तेवढ्यात पलीकडे गादीवरचा फोन उचलल्याची खरखर ऐकू आली.

"हां साहेब, बोला. रोहिणी ना? होती की." अप्पांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता. "वर्सभर होती आमच्याकडं. बिलं करायची. लई गुणाची पोरगी हाय. ठेवून घ्या तिला."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला मान वर करवेना. मी टेबलाच्या पायाकडं बघत राहिले.

"साहेब? आयकू आलं न्हाई का?" अप्पा म्हणाले. "साहेब, मला दुसऱ्यांदा म्हनायला लावू नका."