मधुचंद्राची माती

आमच्या औषध कंपनीच्या आवारात जंतूंसाठी एक दगड उभा केलेला आहे. प्रयोगशाळेत वर्षभर मारलेल्या जंतूंची आठवण ठेवून दर मे महिन्यात त्याच्यापुढे वाकायचं, ही जपानातल्या आमच्या कंपनीची रीत. माझे बाबा, हिराओ तोकुझो, यांनी निवृत्तीनंतरही ती कधी चुकवली नाही. यंदा मात्र ते इस्पितळात होते. मुळ्याच्या वाफ्यात कुदळ पायावर बसली, जखमेत माती गेली, ती चिघळली, आणि आता डॉक्टर मांडीपासून पाय कापायची भाषा करत होते.

"माझंच औषध द्या," बाबांनी त्यांना बजावलं होतं.

त्यांचंच होतं ते. त्या काळी कंपनीतला प्रत्येक जण प्रवासाला निघताना, नवे जंतू शोधायला म्हणून, मातीसाठी पिशव्या घ्यायचा. बाबांनी मधुचंद्रालाही घेतल्या. नागानोच्या डोंगरातल्या एका सरायमागची माती त्यांनी आणली आणि तिच्यातल्या एका जंतूपासून हे औषध निघालं. "पहिल्या सकाळी उठून बघते तर नवरा गायब. आंघोळीला गेला असेल म्हणावं, तर हा झाडाखाली माती उकरतोय," असं आई मरेपर्यंत सांगायची.

पाच दिवस औषध चाललं, ताप हलेना. मी बाबांच्याच जुन्या प्रयोगशाळेत काम करते. जखमेतला पू आणून काचेच्या बशीत जंतू वाढवले आणि मधोमध त्या औषधाची चकती ठेवली. चकतीभोवती मोकळं कडं पडायला हवं होतं. जंतू तिला खेटून वाढले होते. मग त्यांच्यात औषध ओतून पाहिलं, तर चार तासांत ते नाहीसं झालं. हे जंतू एक एन्झाइम सोडत होते आणि ते औषधाचे तुकडे पाडत होतं.

मी बाबांशी खोटं बोलायचं ठरवून गेले होते. जमलं नाही.

"चकतीपर्यंत आलेत?" त्यांनी विचारलं.

"खेटून."

"पाहिलंय मी हे, चिझुए. त्या सरायच्याच मातीत. औषध करणाऱ्या जंतूच्या शेजारी दुसरा एक होता, तो ते तोडत होता. शेजाऱ्यालाही जगायचं असतं ना."

"मग?"

"औषध लवकर हवं म्हणून साहेब डोक्यावर बसले होते. वहीत 'दूषित' लिहिलं आणि बशी फेकून दिली."

"बाबा, त्या एन्झाइमला अडवणारं काही शोधायला पन्नास वर्षं होती आपल्याकडे."

"मला मोजता येतं, पोरी."

मला त्यांचा भयंकर राग आला. पण पांघरुणाखालच्या त्या पायाकडे नजर गेली आणि मी पांघरूण सारखं केलं.

"उद्या दगडापुढे माझ्यातर्फे वाक," ते म्हणाले. "पण मेलेल्यांना नमस्कार सांगू नकोस. ते मेलेले नाहीत."

दुसऱ्या दिवशी आम्ही दगडापुढे रांगेत उभे होतो तेव्हा तिकडे त्यांचा पाय कापत होते. "आमच्यासाठी प्राण दिलेल्या सूक्ष्म जीवांनो," अध्यक्ष म्हणाले. सगळे वाकले. मीही वाकले, आणि वाकलेली असतानाच खिशातला फोन थरथरला. विष आधीच रक्तात पसरलं होतं. बाबा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गेले.

अंत्यविधीनंतर मी कंपनीच्या कपाटातून त्यांची जुनी वही काढली. 'दूषित' हा शब्द त्यांच्या नेटक्या अक्षरात सापडला. तो खोडून मी शेजारी लिहिलं: औषध तोडतो. नमुना कुठून आणला, त्या रकान्यात सरायचं नाव आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवसाची तारीख होती. त्याखाली, दुसऱ्या नमुन्याचं ठिकाण म्हणून, मी बाबांचं नाव लिहिलं.