विंचवाचे दोन थेंब

"अहो बालाजीराव, बसा गाडीत! प्रयोगशाळेपर्यंत सोडतो तुम्हाला."

वरच्या मजल्यावरच्या रत्नाकर देवस्थळींनी गाडीचं दार उघडून धरलं, तसे बालाजीराव दोन पावलं मागे सरकले. अण्णा नगरच्या त्या घरात, तळमजल्यावरच्या मागच्या दोन खोल्यांत, ते बायको सरोजाबरोबर आठ वर्षं राहत होते. एवढ्या काळात केंद्र सरकारच्या नोकरीसाठी इकडे दक्षिणेत आलेल्या या साहेबांनी त्यांना कधी साधा चहा विचारला नव्हता. उलट गणपतीत पुण्याचे पाहुणे जमले की बालाजीरावांना मुद्दाम वर बोलवायचं, बोलतं करायचं, आणि त्यांची जुन्या वळणाची तंजावरी मराठी ऐकून सगळ्यांनी पोट धरून हसायचं. आणि आता महिनाभर नुसता प्रेमाचा पूर! परवा बाकरवडी काय, काल "तुमची मराठी किती गोड" काय! पाणी कुठंतरी मुरत होतं.

बालाजीराव मुळातच संशयी. कंडक्टरनं दिलेलं तिकीटही ते उजेडात धरून बघत. एका कॉलेजात ते संशोधनासाठी पाळलेले विंचू सांभाळत. झुरळं खाऊ घालत, आणि संशोधन करणाऱ्या मॅडम विजेचा हलका झटका देऊन विष काढत तेव्हा विंचू चिमट्यात धरत. विंचू परवडला, त्याची नांगी कुठं आहे ते दिसतं तरी, असं ते म्हणत.

गाडी निघाली. देवस्थळींनी हळूच विचारलं, "ते विष कुलपात ठेवता का हो? किल्ली कोणाकडे असते?"

"ताकास येऊन भांडें लपवूं नका, सार," बालाजीराव म्हणाले. "काय पाहिजे तें सांगा."

देवस्थळींनी गाडी कडेला घेतली. मग ते बायकोबद्दल बोलू लागले.

"विद्युलताच्या मेंदूत कॅन्सरची गाठ आहे. ऑपरेशन केलं, पुन्हा आली. पेपरात वाचलं, अमेरिकेत विंचवाच्या विषातलं काहीतरी नेमकं त्या गाठीला जाऊन चिकटतं म्हणे. तुमच्याकडे तेच चाललंय ना? एक थेंब द्या, बालाजीराव."

"चाललें आहे. पण काचेच्या बशींत, सार. गाठीच्या पेशी बशींत मरतात. इथें माणसास कोणी दिलें नाहीं अजून. मी चोरून दिलें आणि अक्कांचा जीव गेला तर?"

"की मोठ्या लोकांसाठी राखून ठेवलंय?" देवस्थळींचा आवाज चढला. "आमच्यासारख्यांना नुसती बशी दाखवायची!"

बालाजीराव उतरून चालू लागले. राग तर आलाच होता. पण आठ वर्षं हसलेला माणूस आज हात पसरतोय, याचं मनात कुठंतरी बरंही वाटलं होतं, आणि त्याचीच त्यांना दिवसभर लाज वाटत राहिली.

रविवारी दुपारी विद्युलताबाई भिंत धरत धरत खाली आल्या. केस गळालेल्या डोक्याला रुमाल बांधलेला. सरोजानं खुर्ची पुढे केली.

"यांनी विष मागितलं ना तुमच्याकडे? देऊन टाका."

"अय्यो अक्का!"

"विष नाही हो. पाणी द्या, बाटलीत भरून. हे दिवसभर कोणाकोणाची दारं ठोठावतात, उरलेला वेळ इंटरनेटवर. माझ्याजवळ बसतच नाहीत. मला ते जवळ हवेत, बालाजीराव. आता दिवस तरी किती उरलेत?"

यातही काही डाव असेल का, असं बालाजीरावांच्या मनात आलंच. साहेबानंच पाठवली असेल तर? मग त्यांनी खुर्चीच्या हातावरची विद्युलताबाईंची बोटं पाहिली. जिना उतरल्यानं ती अजून कापत होती.

"आणि मी गेल्यावरही सांगायचं नाही त्यांना. शब्द द्या."

बालाजीरावांनी शब्द दिला. डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली उकळून तिच्यात गार केलेलं पाणी भरलं. देवस्थळींनी ती तीर्थ घ्यावं तशी ओंजळीत घेतली. एक प्रश्न विचारला नाही. रोज संध्याकाळी ते बायकोच्या जिभेखाली दोन थेंब सोडत. ती कडू लागल्यासारखं तोंड करी. मग तिचे पाय मांडीवर घेऊन ते तिथंच बसून राहत. वर गेलं की सरोजाला हेच दृश्य दिसायचं, आणि खाली येऊन ती पदरानं डोळे पुसायची.

चैत्रात विद्युलताबाई गेल्या. तेरावा झाल्यावर देवस्थळी दारात येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे कोरडे.

"खरं सांगा. त्यात पाणी घातलं होतंत ना?"

बालाजीराव उंबऱ्यापर्यंत आले.

"मला तेव्हाच शंका आली होती. भ्यालात, नाहीतर गणपतीतलं हसणं मनात ठेवलंत. अस्सल दिलं असतंत तर ती आज असती!"

सरोजा चवताळून पुढे आली. बालाजीरावांनी हातानं तिला थांबवलं. एक वाक्य बोललं असतं तर ते सुटले असते. पण मग या माणसाजवळ त्या संध्याकाळीही उरल्या नसत्या.

"होय सार," ते खाली मान घालून म्हणाले. "पाणी घातलें. भ्यालों मी."

देवस्थळींनी सावकाश मान हलवली आणि कठडा धरून ते जिना चढू लागले. वर कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत बालाजीराव दारातच उभे होते.