शिडी फितूर नव्हती

शिडीची धाकटी बहीण आत्याला पुस्तक देऊन दारातूनच परत गेली, चहालाही थांबली नाही. तिच्या नातीला शाळेत फितुराची नात म्हणून चिडवत होते, एवढंच सांगितलं.

पुस्तक म्हणजे आत्याच्या भाच्याने किशोरांसाठी लिहिलेली युद्धकाळातली हेरकथा. नायिका म्हणजे तरुणपणीची आत्या.

शत्रूने शहर घेतलं तेव्हा आत्या लॉन्ड्रीत इस्त्री करायची. शेजारच्या टेबलावर तिची मैत्रीण. ताडमाड उंच, म्हणून शिडी. शत्रूच्या अधिकाऱ्यांचे गणवेश तिथेच यायचे. एखाद्या तुकडीने कपडे ओलेच परत मागितले की ती तुकडी हलणार, हे दोघींनी हेरलं होतं. ती खबर त्या बाहेर पोचवत. पुढे शिडी पकडली गेली. तिने तोंड उघडलं नाही, म्हणून आत्या वाचली.

कादंबरीत नायिका तिजोऱ्या फोडते, कप्तानाबरोबर नाचते. दिवसभर उभं राहून पोटऱ्यांचे दगड व्हायचे, नाचतंय कोण, असं आत्या वाचता वाचता पुटपुटली. शेवटचं प्रकरण मात्र तिने दोनदा वाचलं. तिथे शिडी रेशमी मोज्यांसाठी नायिकेला पकडून देते.

तिने भाच्याला बोलावून घेतलं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, आत्या. शेवटी धक्का लागतो, नाहीतर पोरं वाचत नाहीत. आणि तिचं खरं नाव कुठे घातलंय मी?"

"उंच आहे, लॉन्ड्रीत आहे, शिडी म्हणतात. फोटो तेवढा छापायचा राहिला."

पुढच्या आवृत्तीत बघू, म्हणत त्याने वेळ मारून नेली. शिडीच्या बहिणीची नात जिथे शिकत होती, त्याच शाळेत त्याचा कार्यक्रम होता. आत्या येते म्हणाली, तेव्हा तो हरखला. खरी नायिका व्यासपीठावर, आणखी काय हवं.

आत्याने मुलांना ओल्या कपड्यांची गोष्ट सांगितली. मग म्हणाली, "मला कुणी विकलं नाही. शिडी गप्प राहिली आणि मेली. मी तुमच्यासमोर उभी आहे ती त्यामुळे."

मग पुस्तकात तसं का, असं एका मुलीने विचारलं. आत्याने माइक भाच्याच्या हातात दिला.

कल्पनेला मोकळीक असते, वगैरे तो बोलू लागला.

"पण तुम्हाला खरं माहीत होतं?" मुलीने विचारलं.

त्याने आत्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"हो," तो म्हणाला.

मुख्याध्यापिका आभार मानायला उठल्या. आत्याने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"थांबा. त्याचं अजून झालं नाही."