जन्माआधीची ओवाळणी

मित्रांनो, मी एक जुनी कुत्री आहे. बारवी धरणाजवळच्या पाड्यावर नाथा आणि बनूबाई या नवराबायकोच्या भाताची राखण करते. नाव माझं शेरू. कुत्रीचं नाव शेरू कसं, म्हणून हसू नका. त्याचीच तर हकिकत आहे.

माझा जन्म अंबरनाथचा, शिवमंदिराजवळ राहणाऱ्या कुमुदिनीताईंच्या घरचा. आई बाळंतपणात अडली, म्हणून डॉक्टरांनी पोट उघडून आम्हाला एकेक करून बाहेर काढलं. शेंगेतल्या दाण्यांसारखे आम्ही ओळीने होतो. आधी एक भाऊ, मग मी, मग दुसरा भाऊ. दूध सुटताच भाऊ दुसऱ्यांच्या घरी गेले आणि मी ताईंकडे राहिले.

मोठी होताच मी कुत्र्यासारखा पाय वर करून इमारतीतली एकूण एक स्कूटर ओली करू लागले. शेजाऱ्यांच्या तक्रारींनी ताई बेजार झाल्या. नाथा त्यांच्याकडे भाजी घालायला येई. त्यालाच त्यांनी मला घेऊन जायला सांगितलं. त्याच्या भातात रानडुकरं शिरत, तेव्हा राखणदार त्याला हवाच होता. पण बनूबाईंनी बजावलं होतं, आणायचा तर कुत्राच. दरसाल पिल्लांचं लटांबर कोण निस्तरणार? मी पाय वर केलेला पाहून नाथाने खुशीत दोरी लावली. माझ्या झुपकेदार केसांखाली डोकावायचं काही त्याला सुचलं नाही.

वाटेतच त्याने नाव ठेवलं, शेरू. पाड्यावर माझा रुबाब जेमतेम आंघोळीपर्यंत टिकला. बनूबाईंनी अंगावर पाणी ओतलं आणि बिंग फुटलं. एक तर कुत्री, त्यात पाय वर करते म्हणजे नक्की काही रोग, असं म्हणून त्यांनी मला परत सोडून यायला सांगितलं. मला फार वाईट वाटलं. ते मोकळं रान मला आवडलं होतं, आणि ताईही मला पुन्हा ठेवणार नव्हत्या.

रोगाची खात्री करायला नाथा मला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेला. माझा एक पांढरा कान पाहून त्यांनी मला ओळखलं. रोगबिग काही नाही, ते म्हणाले. नर पिल्लाच्या अंगात पोटात असतानाच नराचं संप्रेरक तयार होतं आणि थोडं शेजारच्या पिल्लाकडे झिरपतं. दोन भावांमधल्या बहिणीला ते दोन्हीकडून मिळतं, मग ती कधी कधी अशी धीट, हद्द राखणारी निघते. उंदरांमध्ये हे तपासलेलं आहे, हिचंही तसंच असावं. पिल्लं नको असतील तर ऑपरेशन करता येईल.

नाथाने घरी येऊन भीतभीत सगळं सांगितलं. बनूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्याही दोन भावांमधल्याच.

"म्हंजे जल्माच्या आदीच भावांनी ओवाळणी घातली हिला," त्या म्हणाल्या. "आवं, ओवाळणी कुनी माघारी धाडतं का? ऱ्हाऊ द्या तिला."

मी राहिले. ऑपरेशन झालं, नाव तेच राहिलं. रानडुकरांना मी बांध ओलांडू दिला नाही. आता दात झिजलेत, तर बनूबाई भाकरी दुधात कुस्करून देतात.

मित्रांनो, घरी आणलेल्या पिल्लाची तऱ्हा निराळी दिसली, तर त्याला टाकू नका. आईच्या पोटातून आपण काय घेऊन आलो, हे त्यालाही ठाऊक नसतं.

माझे भाऊ कुठे असतील, कोण जाणे. एक उल्हासनगरला गेला, एवढंच ऐकलं होतं. भाऊबीजेला बनूबाई आपल्या भावांना ओवाळतात. तेव्हा मी बांधावर जाते, अंबरनाथ-उल्हासनगरच्या दिशेला तोंड करते आणि पाय वर करते. माझ्याकडून भावांना तेवढंच ओवाळणं.