दारातली कलती कढई

मी कढई बोलतेय. घरात भाजी परतायची ती नव्हे. लग्नाचा पलोव, म्हणजे आमचा मटणाचा पुलाव, शिजवणारी, बिडाची, दोन माणसांनी कान धरल्याशिवाय जागची न हलणारी. माझ्या एका बाजूला कडेपासून पार पोटापर्यंत तडा गेलाय. तुमच्या लक्षात यायच्या आधी मीच सांगून टाकते, म्हणजे 'अरेरे' म्हणायचे तुमचे कष्ट वाचतील. कीव मला चालत नाही. आमच्या गल्लीत रोज भंगारवाला हाळी देत येतो, माझ्याकडे बघून हात चोळतो आणि पुढे जातो. त्याच्या नाकावर टिच्चून मी अफगाण सीमेजवळच्या तिरमिझ शहरातल्या या गल्लीत, एशमुरादच्या दारात बसून आहे.

माझा जन्म ओतशाळेतला. मोडके नांगर, निकामी झालेले पंप, कुठल्या कुठल्या यंत्रांचे तुकडे वितळवून मला ओतलं. एशमुराद हा लग्नाकार्यातला आचारी. त्याने मला घरी आणलं आणि आधी मीठ टाकून, मग सरकीचं तेल ओतून, मी काळीकुळकुळीत होईपर्यंत तापवलं. न तापवलेलं लोखंड आणि न दटावलेलं पोर दोन्ही वाया जातं असं तो म्हणायचा, आणि म्हणताना आपल्या मुलाकडे बघायचा. पुढे कितीतरी लग्नं मी जेवू घातली. पिवळं गाजर, मटण, तांदूळ, वर लसणाचे अख्खे गड्डे. पंगत उठायला आली की एशमुराद मला एका कानाने उचलून कलती करायचा आणि तळाचा शेवटचा घास खरवडून कुणाच्या तरी ताटात घालायचा. मला ते कलतं होणं फार आवडायचं.

एका लग्नात भांडी घासायला आलेल्या उतावळ्या माणसाने मी तापलेली असतानाच पाटाचं गार पाणी माझ्यात ओतलं. टण्ण झालं. सगळ्या मांडवाने ऐकलं. एशमुराद धावत आला, तड्यावर हात ठेवून उभा राहिला. लोक म्हणाले, मोडीत घाल. त्याने ऐकलं नाही. हिने इतक्या तोंडांत घास घातलेत, ही दारात राहील, असं तो म्हणाला. हवं तर हिच्यात फुलं लावा, पण हिच्या बुडाला कधी भोक पाडायचं नाही. कढईच्या बुडाला भोक पाडलं की त्या घरातलं अन्न गळून जातं, अशी त्याची ठाम समजूत होती. पुढच्याच वर्षी तो गेला आणि त्याचा शब्द घराचा कायदा झाला.

त्याची बायको तुर्सुनोय. घरचे-दारचे सगळे तिला एना म्हणतात, म्हणजे आई. तिने मला दाराबाहेर ठेवलं, अगदी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर. जागा मानाची होती, मान्य. पण तोंड पश्चिमेला. आमच्याकडची उन्हाळ्यातली दुपार ज्याने अंगावर घेतलीय त्याला वेगळं सांगायला नको. मांजर माझ्या कडेवर पाय ठेवायची आणि लगेच उचलायची. अशा माझ्यात एनाने काय लावलं? हायड्रेंजिया. निळ्या चेंडूंसारखी फुलं येणारं, सावलीत वाढलेलं, लाडावलेलं झाड. का? तर ताश्कंदला तिच्या बहिणीच्या दारात होतं म्हणून. आमची माणसं झाड निवडतात ती अशीच, दुसऱ्याच्या दारात बघून. आणि विकत घेतात ती सकाळच्या बाजारात, जेव्हा काहीही टवटवीत दिसतं.

हायड्रेंजिया वरून भाजलं आणि खालून कुजलं. मग गुलाब आला. मग कचेऱ्यांसमोर असतो तसला टोकदार थुजा आला. एना जीव लावून दोन्ही वेळा पाणी घालायची, आणि ते पाणी जायला वाटच नव्हती, कारण तडा माझ्या बुडापर्यंत पोचत नाही. माझ्या तळाशी चिखल आंबायचा, वास मारायचा. झाड मेलं की एना बाजारात जाऊन रोपवाल्याशी भांडायची. त्याने फसवलं, मूळच किडकं होतं, माती खारट दिली. एकदा तर गल्लीतल्या एका बाईची दृष्ट लागली म्हणून माझ्याभोवती हरमलच्या वाळल्या झुडपाचा धूर फिरवला. दोष सगळ्यांचा होता. स्वतःच्या हाताचा तिने कधी म्हटला नाही, आणि तिचा नव्हताच. मी साक्षीदार आहे.

मग तीन मुली सासरी गेल्यावर शेरअलीचं, म्हणजे तिच्या एकुलत्या मुलाचं, लग्न झालं आणि बोयसूनच्या डोंगरातली ओयदिन सून म्हणून आली. आमच्याकडे नव्या सुनेने उजाडता उजाडता दारापुढे झाडायचं आणि पाणी शिंपडायचं. ओयदिनचा झाडू इतका हलका की धूळसुद्धा उठायची नाही. झाडांचं कामही एनाने तिच्याकडे दिलं. रोप मात्र एनाच आणायची. लावायचं सुनेने. तेच हायड्रेंजिया, तोच थुजा, तीच दुपार, तोच आंबलेला तळ. मेलं. पण आता रोपवाल्याशी भांडायला कुणी गेलं नाही. आता गल्लीत एक नवा शब्द फिरायला लागला: सुनेचा हात जड आहे.

आमच्याकडे ज्याने लावलेलं रुजतं त्याचा हात हलका, आणि ज्याचं मरतं त्याचा जड. हे बोलणं झाडापाशी थांबलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पण लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि ओयदिनला मूल नव्हतं. समोरच्या घरातल्या खोसियतने चहा पिता पिता दोन्ही गोष्टींची गाठ मारली. जिच्या हातचं मातीत रुजत नाही, तिच्या कुशीत काय रुजणार, असं ती म्हणाली. माझ्या दोन्ही कानांनी मी ते ऐकलं. माझा तडा त्या दिवशी आणखी लांबला असता तरी नवल नव्हतं. माणसं स्वतःला शहाणी समजतात, आणि एका कुजक्या मुळावरून बाईचं आयुष्य मोजतात.

एना दुष्ट नाही. घाबरली होती. या घरच्या नातवंडाची वाट बघून बघून ती कुणाचंही ऐकायला लागली होती. खोसियतने तिला सुचवलं की या उन्हाळ्यात शेवटचं बघ. सुनेने लावलेलं चिल्ला संपेपर्यंत हिरवं राहिलं तर ठीक, नाहीतर तिला माहेरी पाठव. चिल्ला म्हणजे आमच्या उन्हाळ्यातले सगळ्यात भाजून काढणारे दिवस. आणि माहेरी पाठवणं म्हणजे काय ते गल्लीत सगळ्यांना कळतं. तिकडून परत आणायला कुणी जात नाही. शेरअली ट्रकवर कांदे घेऊन फिरणारा, चांगला मुलगा. पण आईसमोर त्याची जीभ टाळूला चिकटते.

एनाने हे ओयदिनला माझ्याशेजारीच सांगितलं, आणि सांगता सांगता म्हणाली की उद्या बाजारातून हायड्रेंजिया आणते.

ओयदिनने झाडू भिंतीला टेकवला. सासूसमोर सून बोलते ती खालच्या आवाजात, तशीच ती बोलली. पण बोलली.

"एना, परीक्षा माझ्या हाताची आहे ना? मग निवड पण माझीच."

बरं, तूच आण, असं एना तुटकपणे म्हणाली. एशमुराद असता तर हसला असता.

ओयदिन बाजारात गेलीच नाही. ती भर दुपारी बाहेर पडली, डोक्याला ओला रुमाल बांधून, जेव्हा कुत्रीसुद्धा नाल्यात जाऊन पडतात. त्या उन्हात जे मान ताठ ठेवून उभं असेल, तेच तिला हवं होतं. हे सगळं मला तिच्याच तोंडून कळलं, माती कालवताना ती माझ्याशी बोलायची. टायर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानासमोर एका फुटक्या टायरमध्ये चिनी गुलाब पसरला होता, घोळीच्या भाजीचा तो रंगेल भाऊ. त्याला कुणी पाणी घालत नव्हतं. तिने त्याचे शेंडे खुडून आणले. आणि गावाबाहेरच्या कोरड्या टेकाडावरून राखाडी पानांची, दवण्याच्या जातीतली दोन रोपं मातीच्या गड्ड्यासकट उपटून आणली. एना म्हणाली, हा काय उकिरडा गोळा केला. ओयदिनने रोपं सावलीत ठेवली.

मग तिने माझी सगळी माती उपसून काढली. तळाच्या चिखलाचा वास तिने घेतला आणि तोंड वाकडं केलं. भोक पाडायचं नाही हे तिला माहीत होतं. ती माझ्याभोवती फिरली, तड्यावरून बोट फिरवत खालपर्यंत गेली, आणि तिथे थांबली. शेरअली घरी आलेला होता. तिने त्याला हाक मारली, म्हणाली, त्या कानाला धरा. त्याने दाराकडे पाहिलं, आई कुठे आहे ते बघितलं, आणि धरलं. त्या माणसाने घरात उघडपणे केलेली ती पहिली गोष्ट. दोघांनी मला एका अंगाला कलवलं, वर आलेल्या बाजूखाली दगड लावले, तडा खाली जमिनीकडे आला. इतक्या वर्षांनी मी पुन्हा कलती झाले, पंगतीच्या शेवटी व्हायची तशी. मला रडू आलं. बिडाला रडता येत नाही हे मला ठाऊक आहे, तरी आलं.

तिने आतून मला तुसाच्या मातीचा जाड लेप दिला, भट्टीला देतात तसा, म्हणजे माझा ताप मुळांना लागू नये. वर नदीची वाळू मिसळलेली माती. मध्ये टेकाडावरची रोपं, कडेने चिनी गुलाबाचे शेंडे. पाणी घातलं की जास्तीचं तड्यातून निथळून जायचं. ज्या तड्यामुळे मी मोडीत निघणार होते, तोच आता कामाला लागला.

चिल्ला सुरू झाला. खोसियत रोज संध्याकाळी बघायला यायची. चिनी गुलाबाची फुलं दुपारनंतर मिटतात. ती मिटलेली फुलं बघून घरोघर सांगायची की माना टाकल्या हो. सकाळी ती पुन्हा उघडायची, लाल, पिवळी, भडक. मग अफगाणी वारा सुटला. तीन दिवस आकाश मातकट. दातावर दात ठेवला तरी वाळू करकरायची. खोसियतच्या दारातल्या नाजूक फुलांच्या चिंध्या झाल्या. माझ्यातली झाडं बुटकी, ती धूळ अंगावर घेऊन गप पडून राहिली. मी मनात वाऱ्याला म्हटलं, घे, अजून घे.

वारा थांबला त्या दुपारी एना बाहेर आली. झाडं धुळीने पांढरी झालेली बघून ती तशीच मागे फिरली. तिने बादली भरून आणली, अख्खीच्या अख्खी माझ्यात ओतली, आणि दुसरी आणायला वळली. मी हादरले. अशाच प्रेमाने तिने आजवर सगळी झाडं बुडवली होती. पण पाणी थांबलं नाही. ते तड्यातून बाहेर आलं, गढूळ धार होऊन दारापुढून गल्लीत वाहत गेलं. एना रिकामी बादली घेऊन बघत उभी राहिली. धार संपेपर्यंत बघत राहिली.

"इतकी वर्षं हे सगळं आतच राहत होतं?" ती म्हणाली. जवळ कुणी नव्हतं. मला विचारलं असेल तर उत्तर हो.

दुसरी बादली तिने भरलीच नाही.

चिल्ला संपला तेव्हा माझ्या कडेवरून फुलं खाली ओघळून जमिनीला टेकली होती. खोसियत आली, बाजेवर बसली, टरबुजाची फोड खाल्ली. मग फुलांकडे बोट केलं. शेवटी बिया थुंकून म्हणाली की हे तर रानटी आहे, कुणाच्याही हातून येतं, याने हाताचं काय कळणार. आणि पाळणा तर अजून रिकामाच आहे.

ओयदिन चहा ओतत होती.

एनाने स्वतःची चहाची वाटी खाली ठेवली.

"खोसियत, ही यायच्या आधी या कढईत माझ्या हातची किती झाडं मेली, तू बघितलीस ना?"

"बघितली की. ते रोपवाले चोर."

"तेव्हा मला चार पोरं होती," एना म्हणाली. "चार. मग माझा हात कसला होता, ते सांग."

खोसियतने टरबुजाची दुसरी फोड उचलली, पण खाल्ली नाही.

एनाने सुनेची माफी मागितली नाही. तो तिचा स्वभाव नाही, आणि मलाही नाटकं आवडत नाहीत. फक्त माहेरी पाठवायची भाषा त्या दिवसापासून या घरात बंद झाली. पाळणा अजून रिकामा आहे. भरेल किंवा भरणार नाही, त्याचा माझ्याशी किंवा चिनी गुलाबाशी काडीचा संबंध नाही. हे मी या दारात बसून येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते. ऐकू येत नसेल तर तो त्यांचा दोष.

आता मी म्हातारी आहे. तडा थोडा रुंदावलाय, कडेला गंज धरलाय. कधीतरी माझे दोन तुकडे होतील, हे मला माहीत आहे. तोवर तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या दारातल्या कुंडीत काही मेलं तर आधी कुंडीचं बूड बघा, मग माती बघा, मग दुपारचं ऊन त्या झाडाला झेपणारं होतं का ते बघा. ज्या बाईने पाणी घातलं तिच्या हाताकडे बघायला जाऊ नका.

आज सकाळीही भंगारवाला आला होता. ओयदिन दारापुढे झाडत होती. त्याने गाडी थांबवली आणि विचारलं, ती फुटकी कढई द्यायची का. पूर्वी ती खालच्या आवाजात बोलायची. आज समोरच्या घरापर्यंत ऐकू गेलं.

"फुटकी आहे म्हणूनच नाही द्यायची," ती म्हणाली, आणि झाडत राहिली.