बाबाची बाबागाडी

मित्रांनो, मला तीनच चाकं आहेत. चौथं माझ्या खालच्या जाळीत पडलेलं आहे आणि त्याच्या शेजारी एकच मोजा. आठ वर्षं मी जिन्याखाली उभी होते. येणारी-जाणारी माणसं मला बाजूला सरकवायची, तीही हातानं नाही, पायानं. म्हणून सांगायला बसले आहे. मी एक बाबागाडी आहे. निळी होते, आता उन्हानं विटून कसल्याच रंगाची राहिले नाही. माझं चाक खड्ड्यात तुटलं नाही, जिन्यावरून पडूनही तुटलं नाही. एक शहाणासुरता, पंचाहत्तर किलोचा बाप्या भर विमानतळावर माझ्यात बसला, म्हणून तुटलं.

पण ते पुढं. आधी जन्माचं सांगते.

मी एका लांबलचक कारखान्यात तयार झाले. माझे पट्टे शिवणाऱ्या बाई प्रत्येक पट्टा दोन्ही हातांनी हिसडून बघायच्या आणि पुटपुटायच्या, "तुटशील तर बघ. आत कुणाचं तरी पोर असणार आहे." मग मला एका यंत्रावर चढवलं. माझ्यात पंधरा किलो वाळूची पिशवी बसवली आणि हजार वेळा हादरे दिले. मी टिकले. तेव्हा माझ्या मागच्या दांडीवर शिक्का मारला: कमाल वजन पंधरा किलो. तो शिक्का अजून आहे. लक्षात ठेवा, नंतर कामाला येईल.

माझं पहिलं घर मोठं होतं. तिथं मी भेट म्हणून गेले. माझ्यात बाळ बसवलं, फोटो काढले, चारेक वेळा बागेत नेलं आणि मग दुसरी, जास्त देखणी गाडी आली. मला उघड्या गच्चीत ठेवलं. माणसांचं एक मला कधी कळलं नाही. हवीहवीशी वस्तू आणताना घर डोक्यावर घेतात आणि महिन्याभरात तीच वस्तू पायात येते म्हणून तिच्यावरच चिडतात. वस्तू पायात येत नाही हो. तुम्ही तिला पायात ठेवता.

एके दिवशी मला कचऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवलं. त्याच दिवशी त्या इमारतीची लिफ्ट अडकली होती आणि ती दुरुस्त करायला एक मेकॅनिक आला होता. काम संपवून निघताना तो माझ्यापाशी थांबला. खाली बसून त्यानं माझी चारही चाकं एकेक करून फिरवली, कान लावून ऐकलं आणि वॉचमनला विचारलं, "हिला काय धाड भरलीय? चांगली आहे की. नेऊ का?"

त्यानं मला खांद्यावर टाकून घरी नेलं. घरी त्याची दहा महिन्यांची मुलगी होती, पुढं ती थोरली झाली. त्यानं माझ्या चाकांना तेल दिलं, ब्रेकची स्प्रिंग बदलली, कापड स्वतः धुतलं. दीड वर्ष तो मुलीला माझ्यात बसवून हिंडला. मला एक गंमत तेव्हाच कळली होती. माझ्यात बसलेल्या पोराला सगळं जग दिसतं, फक्त ढकलणारा दिसत नाही. तो पाठीमागं असतो.

मग धाकटा झाला. तो चार महिन्यांचा असताना मेकॅनिकला परदेशात काम लागलं. तिकडं उंच इमारती फार, लिफ्टी फार. घर मिळालं, कागद झाले की तुम्हाला बोलावतो, असं सांगून तो गेला. जाताना थोरलीला माझ्यात बसवून त्यानं टॅक्सीपर्यंत ढकलत नेलं. कोपऱ्यावर त्याचा हात माझ्या दांडीवरून सुटला आणि आईचा आला. थोरलीला ते दिसलं नाही.

कागद व्हायला चौदा महिने लागले. कागदावर सही करणाऱ्यांच्या घरी पोरं नसतात की काय, कोण जाणे.

या चौदा महिन्यांत एक घोटाळा झाला, आणि तोच माझ्या सगळ्या आयुष्याचं कारण आहे. एका सकाळी शेगडीवर दूध उतू जात होतं, धाकटा भोकाड पसरून रडत होता आणि आई थोरलीला म्हणाली, "जा गं, बाबागाडी इकडं आण."

थोरलीनं विचारलं, "बाबाची गाडी?"

"हो गं बाई, बाबाची. आण लवकर."

झालं. आई दूध पुसायला वळली आणि इकडं पोरीच्या डोक्यात पक्कं बसलं. ही बाबाची गाडी. बाबा हिच्यात बसतो. आता तो लांब गेलाय आणि गाडी विसरलाय. त्या दिवशी तिनं कपाटाच्या तळातून बाबाचा एक मोजा काढला आणि माझ्या सीटवर ठेवला, जागा धरायला. धाकट्याला बसवलं की ती त्याला बजावायची, "गोळू, बाबा आला की उठायचं हं. त्याची जागा आहे." गोळू मोजा चघळत बसायचा.

आईच्या हे लक्षात आलं तेव्हा ती आधी हसली. मग हसायची थांबली. समजावायचा प्रयत्न तिनं केला नाही. पोरगी बाबाला विसरली नव्हती, एवढं तिला पुरेसं होतं.

पण मेकॅनिकला ते पुरेसं नव्हतं. फोनवर तो दर वेळी तेच विचारायचा. "पोरं ओळखतील ना मला?"

"न ओळखायला काय झालं," आई म्हणायची आणि फोन ठेवल्यावर तो उपडा करून ठेवायची. कारण फोनवर बाबाचा चेहरा दिसला की धाकटा फोनचा पडदा चाटायचा आणि थोरली माझ्या मागं लपायची.

अखेर निघायचा दिवस उजाडला. एक आई, दोन पोरं, तीन बॅगा आणि मी. विमानतळावरच्या रांगेत गोळूनं दूध ओकलं, थोरलीला शू लागली आणि तेवढ्यात मागचे एक गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, मुद्दाम ऐकू जाईल असं, "एवढीएवढी पोरं घेऊन कशाला फिरतात लोक?"

आई वळली. अंगावर ओकारी, हातात ओला रुमाल. शांतपणे म्हणाली, "त्यांचा बाप तिकडं आहे, म्हणून. तुम्ही कशाला चाललात?"

गृहस्थ म्हणाले, "नाही, म्हणजे, मी आपलं..." आणि आपल्या बुटांकडं बघू लागले. मित्रांनो, त्यांची बॅग हलकी होती. हात दोन्ही मोकळे होते. पण त्यांतला एकही पुढं आला नाही.

विमानाच्या दाराशी मला घडी करून सामानात द्यायचं होतं. थोरलीनं माझी दांडी दोन्ही हातांनी धरली आणि ती सोडेना. रडलीही नाही, नुसती धरून राहिली. मागं रांग तुंबली. आई काकुळतीला आली. तेव्हा सामान घेणारा कर्मचारी तिच्यासमोर उकिडवा बसला. पिकलेल्या मिशांचा, घाईत नसलेला माणूस. त्यानं माझ्या दांडीला एक चिठ्ठी बांधली, तिचा अर्धा भाग फाडला आणि तिच्या हातात दिला.

"ही नीट ठेव. चिठ्ठी ज्याच्याकडे, त्याची गाडी. कुणी मागितली तरी द्यायची नाही."

"माझी नाही. बाबाची आहे."

"मग भेटला की त्याला दे. तोवर तू सांभाळ."

तिनं मुठीत चिठ्ठी घेतली आणि दांडी सोडली. नोकरीच्या नियमांत हे कुठं लिहिलेलं नसणार.

वर विमानात काय झालं ते मला ठाऊक नाही. मी खाली अंधारात, बॅगांच्या ढिगाऱ्यात आडवी होते. वरून अधूनमधून गोळूचा आवाज यायचा, किंवा मला तसा भास व्हायचा.

उतरल्यावर मी दारापाशी मिळायची होते, पण मला भलत्याच पट्ट्यावर टाकलं. बॅगा आल्या, माणसं आली तशी गेली, मी येईना. नंतर आईनं सांगितलेलं मी ऐकलं आहे. थोरली रिकाम्या पट्ट्यासमोर जमिनीवर बसली होती. आई म्हणाली, "अगं, बाबा बाहेर उभा आहे. चल ना."

"कशात बसून?"

 आईला पोरीला उचलून नेता आलं असतं. पाय ओढत, किंचाळत नेता आलं असतं. पण चौदा महिन्यांनी बापासमोर तिला असं रडकं, ओढून आणलेलं पोर उभं करायचं नव्हतं. ती पोरीशेजारी जमिनीवर बसली. पाऊण तास बसली. सफाई करणाऱ्या बाईंनी त्यांना पाहिलं, काय हरवलंय ते विचारलं आणि त्याच मला पलीकडच्या कोपऱ्यातून शोधून ढकलत घेऊन आल्या.

थोरलीनं आधी मोजा तपासला. होता. मग ती माझी दांडी धरून चालू लागली.

बाहेर मेकॅनिक उभा होता. सकाळची पाळी अर्धी टाकून आलेला, कामाच्या कपड्यांत, हातात दोन छोटे स्वेटर. त्यानं दाढी वाढवली होती. तो वाकला आणि म्हणाला, "ये पिल्ला."

थोरली माझ्या मागं लपली. "हा बाबा नाही."

"अगं, हाच आहे," आई म्हणाली.

"नाही. बाबा गाडीत बसतो."

मेकॅनिकचे हात स्वेटर धरून तसेच हवेत राहिले. ज्याला तो चौदा महिने भीत होता, तेच झालं होतं. त्याचा चेहरा मी पाहिला आहे. कचऱ्याच्या डब्याशेजारी माझा तसाच असावा.

आईला हसू आणि रडू एकदमच आलं. "अहो, बाबागाडी," ती म्हणाली. "बाबाची गाडी. कळलं का? चौदा महिने तुमची जागा धरून ठेवलीय तिनं. मोजा ठेवून."

त्यानं मोज्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. माझ्या दांडीवरचा शिक्का त्याला दिसला. मित्रांनो, हा माणूस दिवसभर लिफ्टमधल्या वजनाच्या पाट्या तपासतो. लिफ्टमध्ये एक माणूस जास्त शिरला तर बाहेर काढतो. वजनाच्या मर्यादेत थट्टा नसते, हे त्याच्याइतकं त्या विमानतळावर कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो वळला आणि माझ्यात बसला.

कमरेशी अडकला, गुडघे हनुवटीला टेकले. शिवणाऱ्या बाईंचे पट्टे टिकले, सांगाडाही टिकला. मागचं उजवं चाक मात्र काड्‌कन निखळलं आणि घरंगळत, बाहेरपर्यंत सोबत आलेल्या सफाईवाल्या बाईंच्या बादलीला जाऊन लागलं. लोक थांबून बघू लागले. गोळू आईच्या कडेवरून खदखदून हसला.

थोरली समोर आली. पहिल्यांदाच तिला माझ्यात बसलेला बाबा दिसत होता. तिनं त्याच्या दाढीला बोट लावून पाहिलं. मग खाली हात घालून मोजा ओढून काढला. "तुझा." आणि घामानं चुरगळलेली चिठ्ठी त्याच्या तळहातावर ठेवली. "आणि गाडी पण तुझी. आता हलू नको."

ती मागं जाऊन मला ढकलू लागली. मी इंचभरही हलले नाही. मेकॅनिकचे डोळे वाहत होते, पण तोंड पुढं होतं, त्यामुळं तिला काही दिसलं नाही. ढकलणाऱ्याला बसलेल्याचा चेहरा दिसत नाही, हेही मला त्या दिवशी कळलं.

माझ्या चाकाचा आस वाकला होता. त्यानं तीन रविवार खटपट केली, पण चाक बसेना. शेवटी ते आणि तो मोजा त्यानं माझ्या खालच्या जाळीत ठेवून दिले. पोरांना दुसरी गाडी आली, मी जिन्याखाली गेले. मग पोरं चालू लागली, पळू लागली, शाळेत जाऊ लागली. माझ्यावर सायकल टेकली, रंगाचे डबे आले, कुणाची तरी मोडकी छत्री आली. मी तक्रार करत नाही. जिन्याखाली डोकावून माझी विचारपूस मात्र कुणी केली नाही.

परवा इमारतीच्या व्यवस्थापक बाई जिन्यापाशी आल्या. थोरली शाळेतून येत होती, सोबत मैत्रीण. आता ती साडेअकरा वर्षांची आहे.

"ही खटारा गाडी कुणाची?" बाईंनी विचारलं. "शनिवारी सगळं फेकणार आहे मी."

थोरलीनं मैत्रिणीकडं पाहिलं आणि म्हणाली, "माहीत नाही."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू.

"माझी आहे," दारातून आवाज आला. मेकॅनिक, हातात हत्यारांची पिशवी.

"तुमची?" बाई हसल्या. "तुम्ही बसता हिच्यात?"

"एकदाच बसलो." त्यानं पाकीट उघडलं आणि पिवळी पडलेली अर्धी चिठ्ठी काढली. दुसरा अर्धा माझ्या दांडीवर अजून बांधलेला होता. त्यानं दोन्ही जुळवून दाखवले. "चिठ्ठी ज्याच्याकडे, त्याची गाडी."

बाई कपाळाला आठ्या घालून, "मग वर न्या," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मैत्रीणही गेली. थोरलीनं चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट पाहिली. घरात ती गोष्ट शंभरदा सांगून झालेली होती, पण चिठ्ठी तिनं पाहिली नव्हती.

"मी खरंच म्हणाले होते? हा बाबा नाही म्हणून?"

"म्हणालीस. आणि आत्ता म्हणालीस, गाडी कुणाची माहीत नाही. दर वेळी मीच बसून दाखवायचं का?"

ती हसली नाही. खाली बसली आणि बाहीनं माझ्या दांडीवरची धूळ पुसू लागली. पुसता पुसता शिक्का उघडा पडला.

"बाबा, इथं पंधरा किलो लिहिलंय."

"हो. वाचलं होतं मी."

आता मी त्यांच्या दाराशी, चपलांच्या शेजारी उभी आहे. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही, माझं काम झालं. पण कुठं रांगेत दोन पोरं आणि तीन बॅगा घेतलेली एखादी आई दिसली, तर आठ्या घालू नका. बाबागाडीच्या घडीची कळ दांडीच्या खाली, उजव्या हाताला असते. ती दाबायला एक मोकळा हात लागतो, आणि तो तिच्याकडं नसतो.