उणे ऐंशीतला शिवमूर्ती

"भाऊ, आमचं रगत परत द्या," असं म्हणत कमलम्मांनी पेढ्यांचा पुडा फ्रीजरशेजारच्या रामकिशनच्या टेबलावर ठेवला.

रामकिशन लातूरच्या त्या जनुक तपासणीच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर सांभाळत होता. तापमान लिहायचं, वीज गेली की जनरेटरकडे पळायचं. बायको पाहुण्यांना सांगे, "आमचे हे फ्रीज राखतेत." लोक हसत, तोही हसे. पेढे नेहमी आत डॉक्टरांकडेच जात.

कमलम्मा निलंग्याच्या. घरची पोर घरातच बरी, म्हणून त्यांनी लेकीची लेक अक्षरा हट्टानं आपल्याच धाकट्या मुलाला करून घेतली होती. अक्षराची आजी एका दिवसात तिची सासू झाली. अक्षराचा पहिला मुलगा शिवमूर्ती दीड वर्षाचा होऊन वारला. त्याच्या रक्तात दोष सापडला, मामाकडूनही आलेला आणि भाचीकडूनही. पुढच्या खेपेला पोटातलं बाळ त्याच रक्ताशी ताडून पाहिलं. बाळ निर्दोष निघालं. बारा दिवसांपूर्वी मुलगी झाली, ठणठणीत.

"तुमचे उपकार फिटायचे न्हाईत," कमलम्मा म्हणाल्या. "पन आमच्यात जाळत न्हाईत, भाऊ. अख्खं मातीला देतेत. माज्या शिवमूर्तीचं येवढं वरच ऱ्हायलंय."

त्यांनी अक्षराच्या आणि तिच्या नवऱ्याच्या सहीचा अर्ज पुढे केला. अर्ज बिनचूक होता. मुकाट्यानं रक्ताची नळी काढून देता आली असती, पण रामकिशनला राहवेना.

"देतो, आजी. तुमचा हक्कच हाय. पर एक सांगू? तुमच्याकडं मामा-भाचीची लई घरं हायत. तिथलं लेकरू तपासताना शिवमूर्तीचंच रगत ताडायला शेजारी लावतेत. यंदा चार घरं झाली."

कमलम्मा बाकावर बसल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"लई गार आसंल आत?"

"हाव. बर्फाहून लई."

"येकलाच हाय?"

"न्हाई वो. अडीच हजार हायत. आन् बाहीर मी हायच की."

त्यांनी अर्जाची घडी घालून पिशवीत ठेवली. "मग ऱ्हाऊ द्या त्याला."

पुडा सोडून पहिला पेढा त्यांनी रामकिशनच्या हातावर ठेवला.

दाराशी जाऊन कमलम्मा वळल्या आणि त्यांनी हात जोडले. अकरा वर्षांत त्याला कुणी असे हात जोडले नव्हते. मग त्याच्या ध्यानात आलं, तो फ्रीजरच्या दारासमोरच उभा आहे. तो हळूच बाजूला झाला.